हात घातला, हात गेला

मी जनसंपर्कात एम.ए. करते असं सांगितलं की बिडकीनमध्ये पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "कोणत्या आमदाराकडं?" त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. आमच्याकडं जनसंपर्क म्हणजे कार्यालय. रस्त्याकडेचा एक गाळा, वर हात जोडलेल्या नेत्याचा फोटो, आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि कसल्या तरी दाखल्यासाठी ताटकळत बसलेली माणसं. त्याचं विद्यापीठात दोन वर्षांचं शिक्षण असतं हे ऐकून शेजारची काकू खरोखर काळजीत पडली. "खुर्च्या मांडायला बी डिग्री लागती व्हय आता?" म्हणाली. मी हसले नाही. मला तेव्हा हसू येत नव्हतं. रडूही येत नव्हतं. कुणी काही बोललं की मी फक्त बघत राहायचे, आणि लोकांना वाटायचं पोरगी शिकून शहाणी झाली.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. त्यांनी मला आमदाराचं वगैरे काही विचारलं नाही. प्रवेश घेऊन मी घरी आले त्या दिवशी ते म्हणाले, "ह्यात छापून आलेली बातमी बदलायला शिकवत्यात का?"

"अजून माहीत नाही," मी म्हटलं.

"इचारून घे," म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

कोणती बातमी ते सांगायला पाहिजे. अप्पा एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॉवर प्रेसवर होते. पत्रा ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, वरून दाब खाली येतो, पत्र्याला आकार येतो, मग तयार तुकडा हातानं काढून बाजूला टाकायचा. दिवसभर हेच. त्यांची मशीन बिघडलेली होती. बटणं एकदाच दाबली तरी ती अधूनमधून दोनदा खाली यायची. अप्पांनी सुपरवायझरला सांगितलं होतं. सुपरवायझर म्हणाला होता, "ऑर्डर निघू दे, मग बघू." ऑर्डर निघायच्या आतच एकदा अप्पा तुकडा काढत असताना मशीन दुसऱ्यांदा खाली आली. उजव्या हाताची चारी बोटं गेली. अंगठा राहिला.

अंगठ्यावरून अप्पा पुढं विनोद करायचे. "मशीनीनं बरोब्बर हिशेब केला. सही करायची बोटं घेतली आन् अंगठा उठवायला अंगठा ठिवला." त्यांची सही झोकदार होती, खाली दोन रेघा आणि एक टिंब. ऐकणारे हसायचे आणि मग हसलो म्हणून ओशाळायचे. अप्पांना तेच हवं असायचं. माझा बाप काही गरीब गाय नाही. भांडकुदळ माणूस आहे, आणि समोरच्याला अवघडून टाकण्यात त्यांना सुख वाटतं.

तर अपघात झाल्यावर कामगारांनी गेटवर थोडी बोंबाबोंब केली. ती पेपरात आली. मग कंपनीनं खुलासा पाठवला आणि तोही पेपरात आला. त्यात लिहिलं होतं की कामगाराने चालू यंत्रात हात घातल्याने ही दुर्दैवी दुर्घटना घडली, व्यवस्थापनाने तातडीने उपचार उपलब्ध करून दिले असून कुटुंबाच्या पाठीशी ते ठामपणे उभे आहे. अप्पांनी दवाखान्यात पलंगावर बसून, डाव्या हातात पेपर धरून ते वाचलं. मला वाटलं, मशीन दोनदा यायची हे लिहिलं नाही म्हणून चिडतील. ते चिडले दुसऱ्याच गोष्टीवर.

"मी हात घातला नाय," ते म्हणाले. "हात गेला."

आई म्हणाली, "एकच की ते."

एकच कसं? हात घातला म्हटलं की घालणारा माणूस आला, त्याची अक्कल आली, आणि मग कुणीही तोंड वर करून विचारायला मोकळं, घातलाच कशाला? आणि विचारलंच लोकांनी. भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा केळी पुढं ठेवून हेच म्हणायचा. "चालू मशीनीत कुणी हात घालतं का दाजी?" गंगापूरचा मामा, ज्यानं आयुष्यात कारखाना बाहेरूनही पाहिलेला नव्हता, तो म्हणाला, "मशीनीशी मस्करी करू नये माणसानं." अप्पांनी त्याला केळी परत घेऊन जायला लावली. मशीन बंद करून तुकडा काढत बसलं असतं तर दिवसाचं काम आठवड्यात झालं नसतं, सगळेच तसं काढायचे, हात तिथंच असायचा, मशीन त्याच्यावर आली. हे इतकं सगळं दरवेळी कोण सांगत बसणार. अप्पांना ते दोन अक्षरांत सांगायचं होतं. गेला.

विम्याची पेन्शन सुरू झाली, आई ब्लाऊज शिवायची, घर चालत होतं. अप्पा मात्र त्या शब्दाच्या मागं लागले. पेपरच्या ऑफिसात गेले. तिथला माणूस बरा होता, त्यानं पाणी दिलं आणि सांगितलं, काका, खुलासा कंपनीचा आहे, दुरुस्तीही कंपनीकडूनच यायला पाहिजे. कंपनीच्या गेटवर गेले तर वॉचमननं आत सोडलं नाही. त्यानंतर अप्पा घरात बसले आणि मी जनसंपर्काला प्रवेश घेतला. माझ्याकडून त्यांची नोकरीची, पगाराची, लग्नाची कसलीच अपेक्षा नव्हती. तो एक शब्द बदलून आणायचा, बास.

आणि मला काय वाटत होतं? खरं सांगते, काही वाटत नव्हतं. दवाखान्यात मी अप्पांचा बांधलेला हात बघितला, त्या दिवसापासून माझ्या आतलं कसलंतरी बटण बंद पडलं होतं. मी सकाळी बस पकडायचे, लेक्चरला बसायचे, डबा खायचे, बसनं परत यायचे. मैत्रिणी म्हणायच्या, तू किती शांत आहेस. मी म्हणायचे, हो ना.

आम्हाला संकटकाळातला संवाद शिकवणारे एक सर होते. माणूस चांगला, शिकवायचा रंगून. एकदा त्यांनी सांगितलं की स्थानिक पेपरांतून अडचणीत आलेल्या संस्थांचे खुलासे शोधून आणा. जो तो काही ना काही घेऊन आला. कुणी शाळेचा, कुणी बँकेचा. माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलीनं आणला तो अप्पांच्या अपघाताचा होता. अप्पांचं नाव त्यात नव्हतं, नुसतं कामगार होतं, त्यामुळं वर्गात कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता. सरांनी तो मोठ्यानं वाचला आणि टेबलावर टिचकी मारली.

"वा! हा बघा नमुना," म्हणाले. "दुर्घटना 'घडली'. कुणी केली? कुणीच नाही. पाऊस पडतो तशी ती घडली. आणि पुढं बघा, हात कुणी घातला? तिथं मात्र कामगार हजर. ह्याला म्हणतात भाषेवर पकड. आता ह्यातलं व्याकरण कोण सांगेल?"

सरांनी मला उठवलं, कारण माझं मराठी बरं होतं. मी उभी राहिले आणि सांगितलं. कंपनीकडं जिथं दोष जाऊ शकतो तिथं कर्ता काढून टाकलाय, कामगाराकडं जिथं दोष द्यायचाय तिथं कर्ता ठेवलाय, क्रियापद सकर्मक घेतलंय. त्याऐवजी 'हात गेला' असं लिहिलं असतं तर वाचणाऱ्यानं विचारलं असतं, कसा गेला?

"शाब्बास!" सर म्हणाले. "हेच. तो प्रश्न पडू द्यायचा नाही."

मी खाली बसले. मधल्या सुट्टीत कँटीनमध्ये जाऊन पोहे खाल्ले, वर शेव मागून घेतली. माझ्या बापाच्या हाताचं मी भर वर्गात व्याकरण केलं आणि मला शाबासकी मिळाली, हे मला कळत होतं. कळत होतं तेवढंच. घरी आल्यावर अप्पांनी रोजच्यासारखं विचारलं, "काय शिकवलं आज?"

"व्याकरण," मी म्हटलं.

"पुन्ना? ते तर शाळेत झालं व्हतं की."

दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. मला औरंगपुऱ्यातल्या एका एजन्सीत जागा मिळाली. खाली बॅगांचं दुकान, बाजूनं अंधारा जिना, वर दोन खोल्यांचं ऑफिस. ते एका मॅडमचं होतं. मॅडम बोलायला फटकळ, कामाला वाघीण आणि मनानं वाईट नाही. शहरातले दवाखाने, क्लास, कंपन्या यांच्या बातम्या तयार करून पेपरांना पाठवायच्या, हा तिथला धंदा. बातमीला तिथं बातमी म्हणत नाहीत, प्रेसनोट म्हणतात. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी मला या धंद्यातली मुख्य गोष्ट शिकवली. प्रेसनोट कार्यक्रमाच्या आधी लिहायची.

मला आधी कळेचना. "आधी म्हणजे? झालेला नसताना?"

"अगं बाई, कार्यक्रम संपणार संध्याकाळी. फोटो येणार, मग तू लिहिणार, मी तपासणार, तोवर तिकडं पान लावून माणसं घरी. म्हणून दुपारीच लिहून पाठवायचं. 'उत्साहात पार पडला.' पार तर पडणारच आहे की. पाहुण्यांनी मार्गदर्शन केलं, लिही. पाहुणे दुसरं काय करतात?"

आणि सगळे असंच करतात, हेही लवकरच समजलं. एकदा एका कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे आलेच नाहीत, गाडी पंक्चर झाली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्यांचं मोलाचं मार्गदर्शन छापून आलं होतं. त्या पाहुण्यांनी फोन करून आभार मानले आणि कात्रण पाठवायला सांगितलं. मॅडम आठवडाभर हसत होत्या. मी लिहायला सरावले. सकाळी भूतकाळात लिहायचं, ते घडायचं संध्याकाळी. पुढं पुढं मी इतकी तयार झाले की मॅडम माझ्या नोटा न वाचताच पाठवायच्या.

अप्पांची कंपनीही मॅडमकडं होती. मी गेल्या गेल्या कपाटावरच्या फाईलवर नाव पाहिलं होतं आणि काही बोलले नव्हते. मग सुरक्षा सप्ताह आला. कंपन्यांत तो दरवर्षी होतो. घोषवाक्यं, पोस्टरं, शपथ, बक्षिसं. मॅडम म्हणाल्या, "या वेळी कंपनीला काहीतरी काळजाला भिडणारं पाहिजे. त्यांचा एक जुना कामगार आहे, बोटं गेलेला. त्याला स्टेजवर आणायचं, त्यानं आपली चूक सांगायची, बाकीच्यांना सावध करायचं. बिडकीनचाच आहे म्हणे. तू ओळखतेस का?"

"ओळखते," मी म्हटलं. "माझे वडील आहेत."

मॅडमनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"अगं मग सोपंच झालं की!" त्या म्हणाल्या. मग बहुतेक त्यांची त्यांनाच लाज वाटली, कारण लगेच त्यांनी कंपनीच्या एचआरच्या साहेबांना फोन लावला आणि माझ्यासमोरच बजावलं की नुसतं भाषण करून घेऊन माणसाला घरी पाठवायचं नाही, गेटवर कामाला घ्यायचं, कायम. साहेब हो म्हणाले. मॅडमनी फोन ठेवून माझ्याकडं बघितलं. मी थँक्यू म्हटलं. काहीतरी म्हणायला पाहिजे होतं.

घरी सांगितलं तेव्हा आईनं पदर तोंडाला लावला. तिला नोकरी ऐकू आली. दिवसभर घरात बसून भिंतीशी भांडणारा नवरा सकाळी डबा घेऊन बाहेर पडणार, तिला याहून जास्त काही नको होतं. अप्पांना माईक ऐकू आला.

"कंपनीतच? समद्यांसमोर?" त्यांनी दोनदा विचारलं. "सुपरवायझर बी असंल?"

"सगळेच असतील."

"मंग जातो मी. त्यांच्याच माईकवर सांगतो, हात गेला म्हणून. बघू कोण काय बोलतं." इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते पलंगावरून स्वतःहून उठले आणि चहा मागायला आत गेले.

भाषण लिहायचं काम अर्थात माझ्याकडं आलं. मी ते साधं लिहिलं. मी इतकी वर्षं या कंपनीत काम केलं. माझी मशीन दोनदा खाली यायची. तुकडा काढताना माझा हात गेला. मशीनची तक्रार लपवू नका, सांगत राहा. खाली जय भीम, जय महाराष्ट्र. साहेबांकडून कागद परत आला तेव्हा त्यावर लाल पेन फिरलेला होता. जय भीमच्या जागी धन्यवाद आलं होतं. मशीनचं वाक्य अख्खं उडालं होतं. आणि 'माझा हात गेला' खोडून वर लिहिलं होतं, 'मी चालू यंत्रात हात घातला, ती माझी चूक होती.'

मी फोन केला. साहेब गोड माणूस, आवाज चढवत नाहीत. "ताई, तुम्ही तर या विषयातल्याच. सुरक्षेचा मेसेज जायला पाहिजे ना. हात आपोआप गेला म्हटलं तर कामगार त्यातून शिकणार काय? आणि काकांचं काम आम्ही केलंच आहे. नोकरीची ऑर्डर टाईप होऊन तयार आहे."

ऑर्डर टाईप होऊन तयार आहे, हे वाक्य कशासाठी असतं ते आम्हाला पहिल्या सत्रातच शिकवलं होतं.

अप्पांनी कागद वाचला आणि फेकला. "मी येत नाय जा. तुझ्या साहेबालाच उभा कर तिथं. त्याचीच बोटं कापा." आईनं कागद उचलला, मांडीवर ठेवून सरळ केला.

"म्हणून टाका की एकदाचं," ती म्हणाली. "जीभ झिजती का एका शब्दानं? तुमच्या त्या एका शब्दापायी मी घरात दोन वर्षं तोंड शिवून बसले."

"तुला काय कळतंय त्यातलं!"

"मला नसंल कळत. मला एवढं कळतंय का तुम्ही दिवसभर घरात असता."

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर ते आरशासमोर उभे राहून वाचत होते. पोळ्या लाटता लाटता मला ऐकू येत होतं. 'मी चालू यंत्रात' इथपर्यंत खणखणीत, मग खाकरणं, मग 'हात घातला' एकदम घाईत. पुन्हा पहिल्यापासून. हा माणूस, ज्यानं मामाला केळी परत न्यायला लावली होती, तो घातला, घातला असं घोकत होता. मला गलबलून यायला पाहिजे होतं. मी पोळी उलटली.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी ऑफिसात नेहमीसारखी प्रेसनोट टाईप केली. कंपनीत सुरक्षा सप्ताह उत्साहात. कामगारांनी घेतली शपथ. मग साहेबांनी पाठवलेलं वाक्य अवतरणात. 'मी चालू यंत्रात हात घातला, ती माझी चूक होती,' अशा शब्दांत ज्येष्ठ कामगाराने आपले मनोगत व्यक्त करताच उपस्थितांचे डोळे पाणावले. डोळे पाणावले हे मॅडमनी घातलं. त्यांनी नोट सगळ्या पेपरांना पाठवली आणि आम्ही रिक्षा करून निघालो.

मांडव मोठा होता. कामगार ओळीनं बसले होते. अप्पा पहिल्या रांगेत, धुतलेला शर्ट, केसांना तेल. त्यांचं नाव पुकारल्यावर ते उठले आणि माईकपाशी गेले. कागद डाव्या हातात धरला. कागदावर सुरुवातीला नमस्कार होता. अप्पा म्हणाले, "जय भीम, नमस्कार." मागच्या रांगांतून काही आवाज आले, जय भीम. मग ते वाचायला लागले. चांगलं वाचत होते, आरशासमोरच्यापेक्षा चांगलं.

"मी चालू यंत्रात," अप्पा म्हणाले आणि थांबले.

खाकरले नाहीत. कागद खाली घेतला. समोर बघितलं, सगळ्यांकडं, सावकाश.

"माझा हात गेला," अप्पा म्हणाले.

आणि कागद वर घेऊन पुढचं वाचायला लागले. ती माझी चूक होती, हे वाक्य त्यांनी गाळलं. तुम्ही आपली काळजी घ्या, घरी तुमची वाट बघणारी माणसं आहेत, धन्यवाद. टाळ्या पडल्या. भरपूर पडल्या. मी साहेबांकडं बघितलं. तेही टाळ्या वाजवत होते, शेजारच्याच्या कानात काहीतरी सांगत हसत होते. सुपरवायझर मोबाईलवर फोटो काढत होता. एकाही माणसाच्या लक्षात आलं नव्हतं.

अप्पा शाल घेऊन खाली आले आणि माझ्या शेजारी बसले. चेहरा नुसता उजळला होता. "म्हणलो का नाय?" ते माझ्याकडं झुकून म्हणाले. "ऐकलं ना समद्यांनी?"

"ऐकलं अप्पा."

मी उठून मांडवामागं गेले आणि ज्या पेपरमध्ये तो पहिला खुलासा आला होता, त्याच्या डेस्कला फोन लावला. आमच्या प्रेसनोटमधला एक शब्द बदलायचाय, म्हटलं. तिकडचा माणूस म्हणाला, "ताई, पान छपाईला गेलं."

"एकच शब्द आहे हो. 'घातला'च्या ऐवजी 'गेला'."

"काय फरक पडतो? हात एकच ना?" तो म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं, आणि त्याच्या मागं कुणीतरी त्याला हाका मारत होतं. बाकीच्या पेपरांनाही लावला. एकानं उचलला नाही, एकानं ठीक आहे बघतो म्हणून ठेवला. मॅडम मला शोधत आल्या. काय झालं ते सांगितल्यावर म्हणाल्या, "वेडाबाई, उद्या दुपारपर्यंत रद्दी होईल त्याची. वडील किती खूश आहेत बघ. जा, त्यांच्याजवळ बस."

मी जाऊन बसले. येताना बसमध्ये अप्पा खिडकीपाशी होते आणि सगळा वेळ बोलत होते. मी काही सांगितलं नाही. त्यांची ती एक संध्याकाळ मला मोडवेना.

सकाळी ते माझ्या आधी उठून चौकात जाऊन पेपर घेऊन आले. त्या दिवसापासून त्यांची गेटवरची ड्युटी सुरू होणार होती. आई डबा भरत होती. अप्पा उंबऱ्यात बसून वाचायला लागले, आम्हाला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं. कंपनीत सुरक्षा सप्ताह उत्साहात. कामगारांनी घेतली शपथ. मग आवाज बंद झाला. मी पोळपाट तसाच ठेवून बाहेर आले.

"मी असं म्हणलो का गं?" अप्पांनी विचारलं.

"नाही. तुम्ही 'गेला' म्हणालात."

"मंग हे?"

"हे आधी लिहिलेलं असतं अप्पा. कार्यक्रमाच्या आधीच पाठवतात."

"मी बोलायच्या आधी?"

"हो."

"मी काय बोलणार ते त्यांना म्हाईत व्हतं?"

अप्पा पुन्हा पेपरात बघायला लागले. ओळीवर अंगठा ठेवून एकेक शब्द वाचत होते. आई आतून म्हणाली, "अवो, घाबरला असताल माईकवर. गेलं असंल तोंडातून, ध्यानात राहात नाय माणसाच्या."

"व्हय," अप्पा हळूच म्हणाले. "तसंच झालं असंल. छापून आलंय म्हंजी म्हणलो असंन मी."

"नाही म्हणालात!" मी ओरडले. आई डबा सोडून दारात आली. माझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते मला थांबवता येत नव्हतं. "नाही म्हणालात तुम्ही घातला! गेला म्हणालात! कागद खाली घेऊन म्हणालात, मी तिथं होते, मी ऐकलंय माझ्या कानांनी!"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं, जसं काही मी कुणीतरी नवीनच होते.

"ऐकलंस ना?" ते म्हणाले. "पर तू एकटीनंच ऐकलंस, बाई."

मग उशीर व्हायला लागला म्हणून ते उठून उभे राहिले, आणि आई त्यांच्या शर्टाची बटणं लावायला पुढं झाली.